स्टुलाचा चौथा पाय

काका, तुमचं स्टूल नऊ दिवस माझ्या घरात होतं. तेच, ज्याच्यावरून तुम्ही पडलात. तुम्ही गेल्याच्या चौथ्या दिवशी मी काकूंकडे ते मागितलं तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. तुमच्या वांगणीच्या मेहुण्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुःखाच्या घरातून भांडीकुंडी उचलायला आलेय. "अहो बाई, ते भंगारात द्यायचंय. अपशकुनी आहे ते." मी म्हटलं, द्या की भंगारात, पण आधी मला बघू द्या. "स्टुलात काय बघायचंय?" आता त्यांना काय सांगणार. काकूंनी नुसती मान हलवली आणि मी ते उचलून दोन जिने चढून वर आणलं.

तुम्ही असतात तर हेच केलं असतंत. वस्तू आधी बाजूला काढून ठेवायची, कोणाला पुसू द्यायची नाही, मग चहा मागायचा आणि कप हातात धरून तिच्याभोवती फिरत राहायचं. कानावर पेन्सिल. तोंडात एकच प्रश्न, "कसं झालं असेल बरं?" दुसऱ्याच्या घरचं लग्न कसं जमलं हे विचारावं तसं विचारायचात. इतकी उत्सुकता त्या आवाजात असायची की मला लाज वाटायची. एखाद्याचं बोट तुटलंय आणि हा माणूस खूश कसा, असं मला तेव्हा वाटायचं.

पण काका, यावेळी मला विचारावंच लागलं. काकूंसाठी. त्या काही खात नव्हत्या. चौथ्या दिवशी मी आमटीभात घेऊन गेले तर म्हणाल्या, "मंदा, परात मी मागितली." माळ्यावरची मोठी परात, दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार म्हणून. "मी आत्ताच पाहिजे म्हटलं. संध्याकाळी म्हटलं असतं तर सून आली असती, तिने काढली असती. माझे हात पिठाचे होते. मी म्हटलं थांबा, स्टूल धरते. तर म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे." मग म्हणाल्या, "कोणी दोन मिनिटांचं काम म्हटलं की आयुष्यभर ऐकलं त्यांच्या तोंडून, मग तीन मिनिटं घे. आणि त्या दिवशी मला म्हणायला सुचलं नाही."

परात त्यांनी बाल्कनीत उलटी घालून ठेवली होती. मेहुणे तीही भंगारात देणार होते, काकू हात लावू देत नव्हत्या. रोज जाता-येता तिच्याकडे बघायच्या. मी ठरवलं, हे असंच चालू राहिलं तर ही बाई त्या परातीपायी जाणार. कसं झालं ते शोधलं पाहिजे.

शोधायचं कसं, हे तुम्हीच शिकवलंत. मी अंबरनाथच्या कारखान्यात ऑफिसला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि अपघात रजिस्टर माझ्याकडे आलं होतं. त्यात 'कारण' म्हणून एक रकाना होता. मी प्रत्येक ठिकाणी सुंदर अक्षरात लिहायचे, कामगाराचा निष्काळजीपणा. वरचे साहेब सही करायचे, मी फाईल लावायचे, विषय संपला. तुम्ही प्रेस शॉपचे, पत्रा दाबायच्या मशिनांच्या खात्याचे, फोरमन. सगळे तुम्हाला मिस्त्री म्हणायचे. मी काका म्हणायचे, कारण हेंद्रेपाड्याला आपण एकाच बिल्डिंगमध्ये, तुम्ही पहिल्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या.

दिलीपचं बोट गेलं तेव्हा मी तेच लिहिलं. दसरा होऊन तीन दिवस झाले होते. खंडेनवमीला मशिनं धुतलेली, झेंडूच्या माळा घातलेल्या, नारळ फोडलेला. प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली यायचा, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहणार. आणि दिलीपने डावं बटण माळेच्या उरलेल्या सुतळीने बांधून ठेवलं होतं. डावा हात मोकळा राहिला, तो आत गेला, तर्जनीचं टोक गेलं. मला तर यात काही कोडंच दिसेना. माणसाने स्वतः सुतळी बांधली, आणखी काय पाहिजे?

तुम्ही ऑफिसात आलात, रजिस्टर वाचलंत आणि म्हणालात, "चल." मला मशिनपुढे उभं केलंत. म्हणालात, "आता पीस काढ आणि डब्यात टाक."

"डबा कुठेय?"

"तेच विचारतोय मी."

डबा पाठीमागे होता. डाव्या हाताशी जिथे तो असायचा तिथे चौरंग होता, देवाची तसबीर, वाळलेला झेंडू, अर्धा नारळ. प्रत्येक पीसला दिलीपला मागे वळावं लागत होतं, आणि पीस मात्र पहिल्याएवढेच पाहिजेत. वेळ भरून काढायला त्याने बटण बांधलं. मी विचारलं, चौरंग हलवला का नाही कोणी? तुम्ही चार जणांना विचारलंत. उत्तर एकच. उत्तरपूजा झाल्याशिवाय देव कसा हलवायचा? गुरुजी गुरुवारी येणार होते. साहेबांनाही माहीत होतं, हेल्परलाही माहीत होतं. सगळे गुरुवारची वाट बघत होते आणि मशीन सोमवारी चालू झालं.

मग तुम्ही चपला काढल्यात, हात जोडलेत आणि चौरंग स्वतः उचलून ऑफिसात आणलात. माझ्या टेबलावर. म्हणालात, "यांना पण तिथे धोका होता." आणि मला ते पान पुन्हा लिहायला लावलंत. चार ओळींचं कारण मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं.

पण तेव्हाच आपलं भांडण सुरू झालं, आठवतंय? मी म्हटलं, काका, चौरंग, डबा, गुरुजी सगळं मान्य, पण सुतळी दिलीपनेच बांधली ना? शेवटी माणूसच चुकतो ना? तुम्ही म्हणालात, "माणूस चुकतोच. ते धरूनच चालायचं. पुढे बोल." मी म्हटलं, असं कसं, कोणाचा तरी दोष असणारच, तो काय हवेत विरला? तुम्ही हसलात. पंचवीस वर्षं आपण हेच भांडत आलो, कॅन्टीनमध्ये, जिन्यात, तुम्ही रिटायर झाल्यावर गच्चीवर. तुम्ही मला कधी नीट उत्तर दिलं नाहीत. दर वेळी "पुढे बोल."

आणि ती तुमची वही. वाचलो वही. कंपनीत पडलेल्यांचं रजिस्टर असतं, वाचलेल्यांचं कुठे असतं, असं म्हणून तुम्ही दोनशे पानी वही घातलीत. जो कोणी थोडक्यात वाचला त्याने येऊन सांगायचं, काय होता होता राहिलं आणि कसं राहिलं. सांगितलं की डब्यातली एक लिमलेटची गोळी. ना ओरडा, ना मेमो. पोरं गोळीसाठी थापा मारायची, तुम्ही त्या थापाही लिहून घ्यायचात. म्हणायचात, थाप मारायला पण त्याने धोका बघितलाच ना. रिटायर झाल्यावर वही बिल्डिंगमध्ये आली. दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेने कोल्ड्रिंकच्या बाटलीतलं ऍसिड ग्लासात ओतलं आणि वासाने थांबली. वॉचमनने ओल्या हाताने पंपाचं बटण दाबलं. कोणी कुकरची शिटी उचलून वाफ काढायला गेलं. एकेका घरात तुम्ही चहा प्यायलात आणि जाताना गॅसची नळी वाकवून बघून आलात. लोक तुम्हाला टरकून असायचे. "काका आले, एक्स्टेन्शन बोर्ड लपव."

वहीत सगळ्या बिल्डिंगची नावं आहेत, माझं नाही. मी कधी गोळी घेतली नाही. मला ते पोरकट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर ताठा होता. माझ्या बाबतीत असलं काही होत नाही, मी नीट बघून चालते. तुम्ही दर दिवाळीला विचारायचात, "मंदा, यंदा काही?" मी म्हणायचे, "काही नाही." तुम्ही म्हणायचात, "बघ, आठवून बघ."

तर, स्टूल. मी हॉलमध्ये ते उलटं करून बसले. लोखंडी पाइपचे चार पाय. तीन पायांना रबराचे बूट, राखाडी, उभ्या रेघांचे. चौथा पाय उघडा. नुसता पाइप. काकूंच्या स्वयंपाकघरातली ती गुळगुळीत टाइल मला डोळ्यांपुढे दिसली आणि मला वाटलं, संपलं, सापडलं. मग तुमचा आवाज आला, पुढे बोल. मी बॅटरी आणून बघितलं. बाकी पाइपला गंज, पण जिथे बूट असायचा तिथे पाइप चकचकीत. म्हणजे बूट झिजून पडला नव्हता. कोणीतरी काढला होता, आणि फार दिवस झाले नव्हते.

कोणी काढला? हे बघा, माझा प्रश्न शेवटी 'कोणी' असाच आला. काकूंच्या ओट्याखाली बघितलं, तुमच्या हत्यारांच्या पेटीत बघितलं, बूट नाही. काकूंना वाटलं मी पाना शोधतेय. पेटीत वही होती, ती मागून आणली. शेवटचं पान तुमच्या बारीक अक्षरात होतं. 'मंदाची आई. बाथरूमच्या दारात काठी सरकली. भिंतीला धरलं म्हणून वाचल्या. काठीचा बूट झिजून गुळगुळीत. बदलला.' एवढंच. तुम्ही नेहमी लिहायचात, अमुक दुकानातून आणला, तमुक मापाचा. इथे काही नाही.

मी मान वर केली. आई समोर सोफ्यावर लसूण सोलत बसली होती आणि काठी तिच्या गुडघ्याला टेकलेली होती. खाली राखाडी बूट, उभ्या रेघांचा.

काका, मला त्या क्षणी जे वाटलं ते कोणाला सांगता येणार नाही, तुम्हाला सांगते. मला वाटलं, काठी उचलून खिडकीतून फेकून द्यावी, वही जाळावी आणि स्टूल भंगारवाल्याला देऊन टाकावं. कोणाला कळणार होतं?

मी आईला विचारलं, "हा बूट कधी बसवला?"

"कुठला?"

"काठीचा."

"त्यांनी बसवला. झाला असेल महिना."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू ओरडतेस."

"मी कधी ओरडले?"

"आत्ता काय करतेस मग?" आई लसणीकडे बघतच म्हणाली. मग पुढची पाकळी उचलून म्हणाली, "दोनदा सरकली होती काठी. पहिल्यांदा तुलाच सांगणार होते. पण ते विचारतात, कसं झालं. तू विचारतेस, लक्ष कुठे होतं."

पंचवीस वर्षांचं आपलं भांडण माझ्या आईने लसूण सोलता सोलता संपवलं. तुम्ही हे का नाही म्हणालात कधी? तुम्हाला माहीत होतं ना, की ती मला घाबरते? मला सांगायचं राहून गेलं की तुम्ही मुद्दाम नाही सांगितलंत? हे मला आता कधीच कळणार नाही.

तरी एक गोष्ट डोक्यातून जाईना. तुम्ही, तुम्ही स्वतःच्या स्टुलाचा बूट काढून दुसऱ्याला द्याल हे समजू शकते. आईला त्याच दिवशी आधार हवा होता. पण मग नवा का नाही बसवलात? तुमच्यासारखा माणूस महिनाभर तीन बुटांचं स्टूल घरात ठेवतो? रविवारी मी एक बूट पिशवीत टाकून उल्हासनगरला गेले. तिथल्या त्या गल्लीत जे मिळत नाही ते बनवून देतात, असं तुम्हीच म्हणायचात. तिसऱ्या दुकानातल्या सिंधी शेटजींनी बूट हातात घेतला आणि म्हणाले, "अरे, ये तो वही है. एक अंकल आए थे, कागज पे पाइप का गोल निकालके लाए थे. कान पे पेन्सिल."

मी म्हटलं, "फिर?"

"मैं बोला, साईं, चार का पाकीट आता है, खोलके एक नहीं देता. बोले, मेरे तीन तो अच्छे हैं, उनका क्या करूँ? आधा घंटा झगड़ा किया. मैंने चाय पिलाया. फिर बोले, एक वाला कहीं और मिल जाएगा." मग त्यांनी विचारलं, "मिला क्या उनको?"

मी म्हटलं, नाही मिळाला. आणि चारचं पाकीट घेतलं.

दुकानाबाहेर उभी राहून मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोलले. तीन चांगले होते म्हणून, काका? चांगली वस्तू टाकवत नाही म्हणून? फुटक्या बादलीत तुळस लावणारा, जुन्या टायरच्या पायपुसण्या करणारा माणूस, तुम्हाला तीन धड बूट फेकवेनात. हे तर मला आधीच सुचायला हवं होतं. आणि मग तुमच्याच पद्धतीने मागे मागे जात राहिले, तर कुठे पोहोचले? आईने मला सांगितलं असतं तर काठीचा बूट मी आणला असता. आणला असता तर तुमचा स्टुलावरच राहिला असता. आईने मला सांगितलं नाही, कारण मी विचारते, लक्ष कुठे होतं. पंचवीस वर्षं मी म्हणत आले की कोणाचा तरी दोष असतोच. आता 'कोणाचा' तिथे माझंच नाव बसत होतं, आणि आता मला, माणूस चुकतोच हे तुमचं म्हणणं पटायला लागलं होतं. सोयीचं होतं ना. म्हणून मी त्याच्यावर लगेच विश्वासही ठेवला नाही.

काकूंना सांगायचं तर हे सगळं सांगावं लागणार होतं. नाही सांगितलं तर परात तशीच राहणार. चार दिवस मी काही बोलले नाही. भाजी न्यायची, डबा परत आणायचा, काकूंनी खाल्लंय की नाही ते बघायचं. बहुतेक वेळा नाही.

काल तुमचा तेरावा झाला. पाहुणे गेले, मेहुणे गेले. मी स्टूल, वही आणि आईची काठी घेऊन खाली उतरले. आई झोपली होती, काठी तिला न विचारता आणली. काकूंपुढे स्टूल उलटं केलं आणि सगळं सांगितलं. बूट, काठी, वही, उल्हासनगर, चारचं पाकीट. आईने मला का नाही सांगितलं तेही. शेवटी म्हटलं, काकू, परातीमुळे नाही झालं. स्टूल आधीच तीन पायांवर होतं.

काकूंनी काठी हातात घेतली, बुटावर अंगठा दाबून बघितला. "घट्ट बसवलाय," म्हणाल्या. मग पुष्कळ वेळ रडल्या. पहिल्या दिवसापासून मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "तीन चांगले आहेत म्हणे. माझ्याकडे झाकण नसलेले चार डबे आहेत, तेही टाकू देत नव्हते." आणि त्यांना हसू आलं. मलाही आलं.

मी म्हटलं, आईला सांगते. काकू म्हणाल्या, "नको. ती काठी धरायची बंद होईल. मला एक परात पुरे झाली." तुमच्या नियमात हे बसतं का, मला माहीत नाही. तुम्ही सगळं लिहायचात. पण काकूंचं मला पटलं. यावर आपण भांडलो असतो.

मग त्यांनी विचारलं, "नवा बूट बसवल्यापासून आई पडली का?"

"नाही."

"सरकली काठी?"

"एकदाही नाही."

"मग नीट लिही की. त्यांनी अर्धंच लिहिलंय."

मी वही उघडली. तुमच्या ओळीखाली, 'कसं राहिलं' त्या रकान्यात मी लिहिलं, 'काकांनी आपल्या स्टुलाचा चौथा बूट काढून काठीला बसवला.' त्याखाली लिहिलं, 'आईने मला सांगितलं नाही, कारण मी लक्ष कुठे होतं असं विचारायचे.' आणि त्यापुढे माझं नाव. वहीत पहिल्यांदाच.

स्टुलाला चारही नवे बूट बसवले. जुने तीन काकूंनी तुमच्या पेटीत ठेवले, चांगले आहेत म्हणून. मग त्या बाल्कनीत गेल्या, परात उचलून आणली आणि नळाखाली धरली. मी काठी घेऊन निघाले, आई उठायच्या आत पोचायला हवं होतं. दारापर्यंत गेले तर काकूंनी मागून हाक मारली. ओल्या हाताने फडताळातून तुमचा डबा काढला, झाकण उघडलं आणि एक लिमलेटची गोळी माझ्या हातावर ठेवली. मी घेतली, काका.